‘इंटरव्हल’च्या दारात

निपाणी,
९ नोव्हेंबर १९९८

सत्यवती,

तुझं पत्र मिळालं. पाच पानं. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली ते एक पान, अवरेच्या शेंगा बाजारात आल्या ते एक पान, आणि माझ्या नातीसाठी स्थळ आणलंस ते शेवटच्या पानावर, तेही कडेनं वर चढत गेलेल्या ओळींत. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मुलगा पद्मनाभ, पुण्याचा, बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आई शुभदाबाई, मुलापाशी इंदिरानगरला राहतात, तुला मराठी मंडळाच्या कोजागिरीला भेटल्या. इथवर समजलं. पण मुलगी बघायचा कार्यक्रम सिनेमातल्या हिरोच्या हॉटेलात, आणि आत शिरायला दोन-दोन तास रांग, हे काय आहे? मुलगी घेऊन रांगेत उभं राहायचं?

सुखदा मात्र म्हणते, ट्रे घेऊन यायचं नाही ना, मग मला चालेल. आधीच्या दोन स्थळांनी पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून सांगितलं, ते अजून कळवतायत. हे तिसरं. यानंतर कुणापुढं बसणार नाही, शाळेत विज्ञान शिकवीन आणि सुखानं राहीन, असं तिनं बजावलंय. ती बोलली म्हणजे बोलली.

तेव्हा तू आधी जाऊन ये. ते हॉटेल त्या थांबण्याच्या लायकीचं आहे का, आणि ती माणसं आहेत का, दोन्ही एकेका ओळीत कळव. फोन करू नकोस. मी शेजारच्यांच्या दारात ताटकळते आणि तू मांजरीचं सांगतेस.

भागुबाई

---

बनशंकरी, बेंगळूर,
१६ नोव्हेंबर १९९८

अक्का, पाया पडते.

तुझं पत्र आलं की मी आधी देवापुढं ठेवते, मग उघडते, म्हणजे रागाचा जोर जरा उतरतो. पिल्लांनी डोळे उघडले. एक ठेवून घेणार होते, पण आमचा ध्रुव म्हणाला, ‘आजी, घरात एक तू आहेस तेवढी पुरे.’ नातू आहे का सासरा आहे, कळत नाही.

तर काल रविवारी ध्रुवच्या स्कूटरवर मागं बसून इंदिरानगरला गेले. हॉटेलचं नाव ‘इंटरव्हल’. मालक हिरो श्रीरंग. तू बघितला नसशील, सिनेमात तो नेहमी इन्स्पेक्टर असतो आणि त्याची बहीण नेहमी मरते. मला फार आवडतो. तिथं रविवारी ब्रंच असतं. ध्रुवनं समजावून सांगितलं, नाष्ट्याला उशीर झालाय आणि जेवायला वेळ आहे, तेव्हा जे खातात ते. मी म्हटलं, त्याला आपल्याकडं कालचं उरलेलं म्हणतात. तो हसला नाही.

दारात शिवाप्पा नावाचा माणूस आहे. हा श्रीरंगच्या सिनेमात हवालदार व्हायचा, मिशी तीच आहे. आधी सांगून जागा धरून ठेवत नाहीत. आपण आपलं नाव शिवाप्पाला सांगायचं आणि बाहेर थांबायचं, आत टेबल मोकळं झालं की तो हाक मारतो. किती वेळ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘स्वल्प, अज्जी, स्वल्प.’ त्याचं थोडं आणि आपलं थोडं एक नाही एवढं मला उन्हानं शिकवलं.

पण अक्का, बाहेर किती माणसं. मुली पॅन्टमध्ये, बाप्ये अर्ध्या चड्डीत, सगळे दात घासून थेट आलेले. माझ्या शेजारी येलहंक्याची एक बाई होती, नवरा विमानदळात. तिची तिसरी खेप. दर वेळी तिचा नंबर जवळ आला की नवऱ्याची ड्युटीची वेळ होते आणि तिला परतावं लागतं. घरून चपात्या आणून रांगेतच खाते. मलाही दिली, मेथीची होती.

मग समोरच्या अंगणात मला अबोली दिसली. बरेच दिवस रोप हवं होतं. सहज विचारायला गेले तर घरातल्या बाई धारवाडच्या निघाल्या, त्यांच्या जावेची चुलत बहीण आपल्या निपाणीत दिलेली. बोलता बोलता रोप उपटून झालं. परत येते तर शिवाप्पानं माझं नाव पुकारून पुकारून, मी नाही म्हणून ध्रुवलाही थांबवून, पुढच्याला आत सोडलेलं. ध्रुव लालेलाल. ‘आजी, एवढा वेळ मी खांबाला टेकून उभा होतो, अबोलीसाठी?’ नाव पुन्हा शेवटी घातलं, आणि पाळी येईतो आतलं खाणं संपलं.

शिवाप्पाला माझी कीव आली. हॉटेल उघडलं तेव्हा छापलेलं एक कॅलेंडर दिलं, श्रीरंगचा फोटो आहे, हातात पिस्तूल आणि खाली डोशाची बशी. स्वयंपाकघरात लावलंय. जुनं खाली काढलं, तसंही त्यावर तेल उडालं होतं.

लायकीचं आहे का विचारलंस. आत गेलेच नाही, कसं सांगू? पण बाहेर फार छान आहे.

सत्यवती

---

निपाणी,
२० नोव्हेंबर १९९८

सत्यवती,

मी काय विचारलं आणि तू काय लिहिलंस, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून सुखदाला वाचून दाखवले. ती पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

मुलगा कसा आहे? आई कशी आहे? माणसांची चौकशी करायला पाठवलं तर अबोली घेऊन आलीस. मी तुला लहानपणी मीठ आणायला पाठवायची आणि तू बैलगाडी बघून यायचीस, तेच चाललंय अजून.

या रविवारी काहीही उपटू नकोस. त्यांच्या घरी जा.

भागुबाई

---

बनशंकरी,
२४ नोव्हेंबर १९९८

अक्का, पाया पडते.

गेले. काहीही उपटलं नाही. आधी ‘इंटरव्हल’ला नाव देऊन ठेवलं, म्हटलं पाळी येईपर्यंत शुभदाबाईंकडं जाऊन येऊ, दोन्ही कामं होतील. पाळी गेली ती गेलीच, पण घर बघून झालं. ध्रुव आता माझ्याशी स्कूटरवर बोलत नाही.

शुभदाबाईंचं सांगते. बाई स्वच्छ, पण सारख्या करवादलेल्या. इथलं दूध पुण्यासारखं नाही, इथली कोथिंबीर पुण्यासारखी नाही, रिक्षावाला मीटरनं येत नाही. मी म्हटलं, ‘पुण्यात येतात?’ तर म्हणाल्या, ‘टू बी फ्रँक आजी, तिथंही येत नाहीत, पण मराठीत नाही म्हणतात.’ मला त्या आवडल्या. दिवाणखान्यात अजून खोकी तशीच बांधलेली, येऊन इतके महिने झाले तरी. अर्धं मन पुण्यात आहे बाईचं.

हॉटेलच का, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी स्वतः पाच वेळा ट्रे घेऊन गेले होते. एका घरी तर मला चालून दाखवायला लावलं. मुलाच्या वेळी कुणाच्या मुलीला ट्रे धरायला लावायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.’ आणि हेच हॉटेल का, तर पद्मनाभचं ऑफिस समोर आहे आणि तो एकदाही आत गेला नाही. रोज रांग बघतो.

मुलगा उंच, चष्मा, बोलतो कमी. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर १९०० साल समजून बसणार म्हणतात, ते होऊ नये म्हणून तो रविवारीसुद्धा कामाला जातो. माझी चप्पल दाराच्या वाटेत होती ती त्यानं न बोलता उचलून बाजूला ठेवली. पायानं नाही सरकवली, हातानं. हे मी लिहून ठेवते कारण तू विचारशील.

आता तारीख. शुभदाबाई म्हणत होत्या तेरा डिसेंबर. मी सहा सुचवली. शिवाप्पा म्हणतो श्रीरंग महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः येतो. एवढं थांबायचंच तर इन्स्पेक्टरही दिसू दे. त्या ‘सरी’ म्हणाल्या, म्हणजे बरं. बघ, कन्नड शिकतायत. मी श्रीरंगच्या कॅलेंडरवर सहा तारखेला कुंकवाचं बोट लावलंय.

तुझे गुडघे बसमध्ये दुखतील. आसावरी आणि सुखदाला शनिवारच्या रात्रीच्या बसनं पाठव.

सत्यवती

---

निपाणी,
१ डिसेंबर १९९८

सत्यवती,

हातानं ठेवली हे बरं वाटलं.

सुनेला आणि नातीला पाठवते. सुखदाला सगळं नीट सांगितलंय. गेल्या वेळी हिनं मुलाच्या काकांची चूक काढली, काय तर म्हणे सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही. तर या वेळी तोंड उघडायचं नाही. नाक मुरडायचं नाही. वाढतील ते खायचं. शहरातली माणसं आहेत, खेड्यातली पोर नखरे करते असं होता कामा नये.

तूही तोंड बंद ठेव. जमणार नाही, पण सांगते.

भागुबाई

---

निपाणी,
६ डिसेंबर १९९८, रविवार

सत्यवती,

आज सकाळी कॅलेंडरचं पान उलटलं. नोव्हेंबरच लोंबत होता. आज संकष्टी आहे.

तुला डॉक्टरांनी साखरेपायी उपास सोडायला लावला म्हणून तिथी बघायचीसुद्धा सोडलीस का? सुखदा चौथीत होती तेव्हापासून चतुर्थी धरते. चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाही. त्या पोरीला भर दुपारी जेवणाच्या टेबलावर नेऊन बसवलंस, आणि मी तिला सांगून पाठवलंय की वाढतील ते खा.

शेजारी जाऊन तुझ्याकडं फोन लावला. नुसता वाजतो. तुम्ही रांगेत असाल.

भागुबाई

---

बनशंकरी,
७ डिसेंबर १९९८

अक्का, पाया पडते, आणि या वेळी जरा जास्तच वाकून.

दोघी सुखरूप आहेत. स्थळ जुळलं का मोडलं ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून क्रमानं सांगते. मध्ये मांजर येणार नाही.

सकाळी सुखदानं नुसता चहा घेतला. मला वाटलं तिकडं खायचंय म्हणून पोट मोकळं ठेवतेय. ‘इंटरव्हल’ला पोचलो तर रांग त्या अबोलीच्या घरापर्यंत. शिवाप्पानं ओळख ठेवून तीन खुर्च्या दिल्या. आसावरी, शुभदाबाई आणि मी बसलो, दोघं मुलं खांबापाशी उभी राहिली.

आता बघ. पोह्यांच्या कार्यक्रमात मुलामुलीला दहा मिनिटं गच्चीवर धाडतात आणि घरचे जिन्यात कान देतात. इथं ती दोघं सगळी सकाळ उभी, आणि आम्हाला रहदारीत काही ऐकू येईना. आसावरी पदर चावत बसलेली. शुभदाबाई दर थोड्या वेळानं शिवाप्पाकडं जाऊन म्हणत, ‘व्हॉट इज धिस?’ आणि तो म्हणे, ‘स्वल्प, मॅडम.’ वाऱ्यावर जेवढं आलं त्यात सुखदा त्याला विचारत होती, बंद पडणार ते मशीन आधीच कसं ओळखता. तो कमी बोलतो असं मी तुला लिहिलं होतं ना, ते खोडून टाक.

शेवटी हाक आली. आत बुफे, आपल्या हातानं घ्यायचं. शुभदाबाईंनी पाकात भिजवलेला गोड पोळा घेतला आणि दमल्या होत्या म्हणून बसता बसता मोठा घास घेतला. सुखदाच्या ताटात पपईच्या दोन फोडी. मी तिच्या ताटात काहीबाही वाढत गेले. तिनं ताट मागं ओढलं आणि हळूच म्हणाली, ‘आजी, आज चतुर्थी आहे.’

शुभदाबाईंचा घास गालातच राहिला. त्या म्हणाल्या, ‘कसली चतुर्थी?’

‘संकष्टी.’

अक्का, त्याही धरतात. लग्नाआधीपासून. बाळंतपणातसुद्धा मोडली नव्हती म्हणे. त्यांचं पुण्याचं कॅलेंडर त्या बांधलेल्या खोक्यात, आणि माझ्या भिंतीवर पिस्तुलवाला. त्यांनी घास रुमालात घेतला, पाणी प्यायल्या, आणि सुखदाला म्हणाल्या, ‘तुला सकाळपासून माहीत होतं?’

‘हो.’

‘मग एवढा वेळ रांगेत गप्प बसलीस? मी तोंडात घास घालेपर्यंत?’

‘तुमचीही आहे हे मला ठाऊक नव्हतं. आणि निपाणीच्या आजीनं सांगितलं होतं, तिथं तोंड उघडू नकोस आणि वाढतील ते खा. उघडलं नाही. खायचं तेवढं जमेना.’

हे मी जसंच्या तसं लिहिलंय, अक्का. तारीख माझी, पण गप्प बसणं तुझं.

पद्मनाभ म्हणाला, ‘आई, मी कधीचा म्हणतोय, खोकं उघडू.’ त्या म्हणाल्या, ‘तू मध्ये बोलू नकोस, तू जेव.’ सुखदाही म्हणाली, ‘जेवा तुम्ही, इतका वेळ उभे होतात.’ आणि तो जेवला. तीनदा उठून घेऊन आला. आम्ही चौघी त्याच्याकडं बघत बसलेलो, बाहेरची माणसं काचेतून आमच्या न शिवलेल्या ताटांकडं बघतायत, आणि हा शांतपणे डोसा खातोय. असा माणूस मला आवडतो, त्याला नाटक येत नाही.

वेटर आला, जेवण आवडलं नाही का म्हणून. मी त्याला कन्नडमध्ये संकष्टी समजावून सांगायला लागले, तो येलहंक्याकडचाच, त्याच्या आईचीही असते म्हणाला. तेवढ्यात मागं टाळ्या वाजल्या. वळून बघते तर दार नुसतं हलत होतं. श्रीरंग येऊन, हात हलवून, गेलासुद्धा. ध्रुवनं हे ऐकलं तेव्हा तो आठवड्यात पहिल्यांदा हसला.

बाहेर पडल्यावर शुभदाबाई म्हणाल्या, ‘टू बी फ्रँक आजी, आज काही झालंच नाही असं समजू या.’ आसावरीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, संध्याकाळी बनशंकरीला या, आमच्या गच्चीवरून चंद्र चांगला दिसतो. त्या रिक्षात बसल्या, आणि मीटरवरून भांडत गेल्या.

दुपारभर सुखदा आणि मी मोदक केले. पोरीचा हात हलका आहे, कळ्या तुझ्यासारख्या पाडते. अंधार पडल्यावर दारात रिक्षा. शुभदाबाई, हातात पूजेचं ताट, मागं पद्मनाभ. म्हणाल्या, ‘आमच्यासमोर नवी बिल्डिंग झालीय, चंद्र दिसत नाही. मी चंद्र बघायला आलेय, बाकी काही नाही.’

गच्चीवर पुन्हा थांबणं. शुभदाबाई येरझाऱ्या घालतायत. ‘अजून कसा नाही? कॅलेंडरवर वेळ काय आहे?’ माझ्या कॅलेंडरवर वेळ असती तर एवढं झालंच नसतं, पण तोंड बंद ठेवायला तूच सांगितलं होतंस. सुखदा म्हणाली, ‘उगवलाय तो. नारळाच्या आड आहे. इकडं टाकीपाशी या.’ टाकीचा कट्टा उंच आहे. तिनं वर चढून हात दिला, शुभदाबाईंनी निऱ्या सावरल्या आणि तो हात धरून चढल्या. दोघी बराच वेळ वरच उभ्या. मग ओवाळलं, अर्घ्य दिलं, खाली आलो.

पान मांडल्यावर शुभदाबाई म्हणाल्या, ‘तरीपण तू मला सकाळीच सांगायला हवं होतंस.’

सुखदा म्हणाली, ‘पुढच्या वेळी सांगेन.’

अक्का, पुढची वेळ म्हणाली ती. पद्मनाभचा मोदक तोंडापाशीच थांबला. शुभदाबाईंनी तूप वाढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘माझी काही हरकत नाही. हिला विचारा.’

तर तुझी नात म्हणते, पुढच्या रविवारी सांगते. शाळेत रजेची तार केली. आसावरी आज रात्री निघतेय, सुखदा आठवडाभर इथंच आहे. मी काही विचारलं नाही. तुझी आण.

सत्यवती

---

बनशंकरी,
१४ डिसेंबर १९९८

अक्का, पाया पडते.

तुझं सहा तारखेचं पत्र मला आठला मिळालं. देवापुढं ठेवलं, पण या वेळी जोर उतरला नाही.

काल ती दोघंच ‘इंटरव्हल’ला गेली. मी जाणार नव्हते. पण ध्रुवला त्या बाजूला काम निघालं, आणि मला धारवाडच्या बाईंना मोदक द्यायचे होते. त्यांच्या अंगणातून खांब नीट दिसतो.

दोघं त्याच खांबाशी उभी. ऊन आलं तसं त्यांनी खांबाची बाजू बदलली, एवढंच. मग शिवाप्पानं पुकारलं, ‘पद्मनाभ, दोघं.’ कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मला कुंपणाआड बघून खुणेनं विचारलं, अज्जी, तुमचीच माणसं ना? मी खुणेनं सांगितलं, असू दे. तिसऱ्या हाकेला सुखदानं मान वर केली, आणि मागं वळून त्या येलहंक्याच्या बाईला म्हणाली, ‘तुम्ही जा.’ ती बिचारी चपातीचा डबा बगलेत मारून जवळजवळ पळतच आत गेली, मागं नवरा.

संध्याकाळी विचारलं, ‘काय खाल्लंत?’ तर म्हणाली, ‘कोपऱ्यावर उभ्यानं इडली.’

‘आणि?’

‘आणि हो म्हटलं, आजी. आधी त्यानं विचारलं, मग मी म्हटलं. निपाणीच्या आजीला तूच लिही, तिला माझं अक्षर लागत नाही.’

म्हणून लिहिते. तू एकेक ओळ मागितली होतीस. हॉटेल थांबण्याच्या लायकीचं नाही, तो पाकातला पोळा आपल्या गुळाच्या घावनापुढं काहीच नाही. मुलगा आहे.

शुभदाबाईंनी खोकं उघडलं. आता लग्नाची तारीख बघायची. श्रीरंगचं नव्या सालाचं कॅलेंडर शिवाप्पा मला देणारच आहे, मी त्यात एक-दोन रविवार

---

निपाणी,
१९ डिसेंबर १९९८

सत्यवती,

तुझं पत्र मध्येच तुटलंय. ध्रुवनं हातातून ओढून पाकिटात घातलं असणार. पोरगा शहाणा आहे.

सुखदाच्या होकाराचं वाचून मी देवापुढं साखर ठेवली. सगळ्या गल्लीत सांगून झालं. शुभदाबाईंना माझा नमस्कार कळव, आणि म्हणावं, मुलीनं यापुढं तोंड उघडायला माझी हरकत नाही.

तुला रोप हवं तर रोप आण, मांजर ठेव, सिनेमे बघ. लग्नाला तुझा तो शिवाप्पा आणि ती येलहंक्याची बाई यांनाही बोलाव, पंगतीत आधी बसवू.

पण तारीख मी काढीन. तू कॅलेंडरला हात लावायचा नाहीस.

भागुबाई